दुखऱ्या कंबरेखालची हवेची गादी: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मोटरसायकलच्या सीटवर पट्ट्यांनी बांधायची, हवेच्या कप्प्यांची ही गादी मी चौदा महिने आणि अंदाजे अकरा हजार किलोमीटर वापरली आहे. माझ्या कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकल्याला आता नऊ वर्षे झाली आणि त्यातले पहिले दीड वर्ष मी गाडीला हातही लावला नव्हता. त्यामुळे धडधाकट पाठीच्या स्वाराचा अनुभव माझ्यासारखाच असेल असे नाही. मात्र ज्यांना गतिरोधक दिसला की पोटात आधी गोळा येतो, त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि याच धर्तीच्या गाद्या बनवणाऱ्या कंपन्या एकाहून अधिक आहेत.

गादीची रचना साधी आहे. लवचीक पदार्थाचे छोटे कप्पे ओळींनी मांडलेले आहेत आणि ते आतून एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एका कप्प्यावर भार पडला की त्यातली हवा शेजारच्या कप्प्यांत सरकते. वर जाळीदार आवरण, खाली न घसरणारे कापड, सीटखालून ओढून घ्यायचे दोन पट्टे आणि कडेला एक व्हॉल्व्ह, एवढाच तिचा पसारा. दिवसभर चाकाच्या खुर्चीत बसावे लागणाऱ्यांच्या त्वचेवर दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून अशा गाद्या आधीपासून वापरल्या जातात. बंद हवेचा दाब सगळीकडे सारखा असतो, म्हणून बसण्याच्या दोन हाडांवर आणि माकडहाडावर एकवटणारा भार पसरतो. जाहिरातीत लिहिलेले हे काम गादी चोख करते, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पहिल्या आठवड्यातला त्रास हा माझ्या अज्ञानाचा होता, पण माहितीपत्रकाने त्याला हातभार लावला. त्यात व्हॉल्व्ह उघडून तोंडाने हवा भरावी, एवढेच लिहिले होते. किती भरावी हे एका पुसट चित्रावर सोडले होते. मी गादी टम्म फुगवली. सीटवर चेंडू ठेवून त्यावर बसल्यासारखे झाले, वळणावर गाडी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, आणि तिसऱ्या दिवशी खड्ड्यातून वर उसळून परत आपटल्यावर कंबरेत जी उसण भरली ती उतरायला आठवडा लागला. नंतर योग्य पद्धत सापडली. गादी अर्धवट भरून गाडीवर बसायचे, पाय फूटरेस्टवर ठेवायचे, गाडी कोणीतरी धरून ठेवायची आणि मग व्हॉल्व्ह उघडून आपल्या वजनाने हवा सोडत राहायचे. बसण्याचे हाड आणि खालची सीट यांच्यामध्ये बोटभर जागा उरली की व्हॉल्व्ह बंद करायचा. मांडीखालून हात सरकवून हे अंतर चाचपता येते. सीटवरून उतरल्यावर गादी मरगळलेली, जवळजवळ रिकामी दिसली पाहिजे. दुकानात ती अशी दिसली असती तर मी घेतली नसती.

आता मुख्य प्रश्न असा की बुडाला आराम मिळाल्याने कंबरेला आराम मिळतो का. माझे उत्तर आहे, अर्धाच. गाडीवरून शरीरात येणारी थरथर दोन जातींची असते. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर ते सेकंदाला ८३ फेरे होतात. ही बारीक, मुंग्या आणणारी कंपने गादी चांगली शोषते आणि तासाभरानंतर जाणवणारा मांड्यांचा बधिरपणा तिने खरोखरच कमी केला. मात्र बसलेल्या माणसाचा कणा उभ्या दिशेने ज्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो ती सेकंदाला साधारण ४ ते ६ आवर्तनांची असतात. खराब रस्त्यावरचे सावकाश, खोल हेलकावे याच पट्ट्यात येतात. तिथे मऊ गादीचा उपयोग होत नाही, आणि हवा जास्त असेल तर हेलकावा उलट वाढतो. कामावर वाहनांच्या कंपनांना तोंड देणाऱ्यांसाठी युरोपीय संघाने २००२ मध्ये काढलेल्या निर्देशात आठ तासांच्या दिवसासाठी वर्गसेकंदाला ०.५ मीटर या प्रवेगाला उपाय सुरू करण्याची पातळी आणि १.१५ मीटरला कमाल मर्यादा ठरवली आहे. आपण हौसेने किंवा गरजेने गाडी चालवणारे, आपल्याला असे कोणी मोजून देत नाही; आपले मोजमाप दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना होते.

हेलकाव्यांचे मूळ मला गादी घेतल्यावर तीन महिन्यांनी, भलत्याच निमित्ताने सापडले. चेन बदलायला गाडी दिली होती तेव्हा मेकॅनिकने मागचे शॉकअप दाबून पाहिले आणि विचारले, "साहेब, हे कधी सेट केलंय का?" कधीच केले नव्हते. गाडी मोकळी असताना आणि मी वर बसलेलो असताना अशी दोन मापे घेतली. मागच्या चाकाची एकूण हालचाल १२० मिलिमीटरची, आणि त्यातली ५२ मिलिमीटर माझ्या नुसत्या बसण्यानेच संपत होती. सर्वसाधारण नियम असा की स्वार बसल्यावर एकूण हालचालीचा एकतृतीयांश भाग वापरला जावा, म्हणजे माझ्या बाबतीत सुमारे ४०. उरलेल्या अपुऱ्या हालचालीत प्रत्येक मोठा खड्डा शॉकअपला तळाशी टेकवत होता, आणि तो ठोका थेट कण्यात येत होता. त्याने पान्याने कॉलर, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला टेकलेली खाचांची कडी, दोन खाचा पुढे फिरवली, माप ४१ वर आले. कॉलर फिरवली की स्प्रिंग कडक होते असा समज सर्रास आहे आणि तोच धरून मी इतकी वर्षे ती सर्वांत मऊ खाचेवर ठेवली होती. प्रत्यक्षात साध्या स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त ती वरच्या उंचीवरून काम सुरू करते आणि खड्ड्यासाठी जागा शिल्लक राहते. या पाच मिनिटांच्या कामाने कंबरेला जेवढे बरे वाटले तेवढे गादीने तीन महिन्यांत वाटले नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी माझी गत झाली होती.

बसण्याच्या ढबीबद्दलही असेच म्हणावे लागेल. १९६० च्या दशकात स्वीडनच्या अल्फ नाकेमसन यांनी माणसांच्या चकत्यांमध्ये सुई घालून दाब मोजला, आणि १९९९ मध्ये जर्मनीत विल्के व सहकाऱ्यांनी तशीच मोजणी एका स्वयंसेवकावर पुन्हा केली. नव्या मोजणीत आधाराविना सैल बसल्यावरचा दाब ०.४६ मेगापास्कल, तर बसूनच पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३ भरला. स्पोर्ट्स गाडीवर हँडलपाशी ओणवे झालेल्या स्वाराला हा फरक आकड्यांविनाही कळतो. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले असल्यामुळे ओटीपोट मागे कलते, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, आणि खड्डा आल्यावर पायांवर भार घेऊन बूड उचलण्याची सोयही उरत नाही. माझी गाडी सरळ बसवणारी आहे, पाय गुडघ्यांखाली येतात. तिथे ही गादी उपयोगी पडली. एका मित्राच्या क्रूझरवर हीच गादी बांधून पाहिली तेव्हा तासाभरात माझी कंबर आखडली.

गादीमुळे बसण्याची उंची साधारण दोन ते तीन सेंटीमीटरने वाढते, आणि हा तोटा कंबरदुखीच्या माणसाने हलक्यात घेऊ नये. पूर्वी दोन्ही टाचा टेकत होत्या, आता चवडेच टेकतात. एकदा उतारावर सिग्नलला थांबताना डावा पाय रस्त्याच्या खळगीत गेला, गाडी झुकली, आणि ती सावरताना शरीर एकाच वेळी वाकले आणि पिळले गेले, म्हणजे डॉक्टरांनी जे करू नका असे सांगितले होते नेमके ते झाले. गाडी पडली नाही. पुढचे चार दिवस मी पडून होतो. तेव्हापासून थांबण्याची जागा आधी हेरून ठेवतो आणि उतारावर मागचा ब्रेक सोडत नाही. मेन स्टँडचेही सांगून टाकतो. गाडी हातांनी उचलू नये, स्टँडच्या पट्टीवर उभे राहून शरीराचा सगळा भार पायाने द्यावा, आणि तेही जमत नसेल तर साइड स्टँडवर समाधान मानावे.

बधिरपणाचा मुद्दा जरा थांबून सांगायला हवा, कारण या गादीच्या जाहिरातीत "बधिरपणा विसरा" असे वाक्य आहे आणि ते मला धोकादायक वाटते. लांब प्रवासात सीटच्या दाबाने येणारा बधिरपणा उतरून चालल्यावर काही मिनिटांत जातो. ज्याची चकती सरकलेली आहे त्याला जांघेत आणि गुदद्वाराभोवती, म्हणजे नेमक्या सीटला टेकणाऱ्या भागात, उतरल्यावरही न जाणारा बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला किंवा दोन्ही पायांत अशक्तपणा जाणवू लागला, तर कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या झुपक्यावर दाब आल्याची ती खूण असू शकते. तिथे तासातासाला महत्त्व असते आणि थेट रुग्णालय गाठावे लागते. अशा बधिरपणाचा दोष सीटवर ढकलून गादी मागवत बसणारा माणूस मी होऊ शकलो असतो, इतके ते वाक्य गोड आहे.

किरकोळ गोष्टी झटपट सांगतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीवरची गादी तापून फुगते, म्हणून निघण्यापूर्वी हात लावून पाहावा लागतो. डोंगरी रस्त्याने दोन हजार मीटरवर गेल्यास बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चार पंचमांशावर येतो आणि गादी आपोआप कडक होते. वर पोहोचल्यावर थोडी हवा सोडायची आणि खाली आल्यावर भरायची. पावसात कप्प्यांमधल्या खाचांत पाणी साचते आणि वर बसताच ते कुठे जाते हे सांगायला नको. सहाव्या महिन्यात व्हॉल्व्हच्या मुळाशी बारीक गळती सुरू झाली. साबणाचे पाणी लावल्यावर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसत होते. कंपनीला छायाचित्रासह तीन वेळा लिहिले. दोनदा तेच छापील उत्तर आले आणि तिसऱ्यांदा वॉरंटीत व्हॉल्व्ह बसत नसल्याचे कळवले. हवेच्या गादीच्या वॉरंटीत व्हॉल्व्ह नसावा, हे तर्कशास्त्र मला अजून उमगलेले नाही. शेवटी पंक्चर काढणाऱ्याने रबराचे ठिगळ लावून दिले आणि ते आजपर्यंत टिकले आहे.

माझा सध्याचा क्रम असा आहे. झोपेतून उठल्यावर पहिला तासभर गाडी काढत नाही, कारण रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि तेव्हा वाकणे त्यांना जड जाते. पाऊण तासाने गाडी थांबवून पाच मिनिटे चालतो, मग वाटेत कितीही घाई असो. खड्डा दिसला की फूटरेस्टवर भार घेऊन बूड जरासे उचलतो, गादी असली तरी. या सगळ्यासह आता सलग तीन तासांचा प्रवास होतो. गादी काढून हेच करून पाहिले तर दोन तासांच्या आसपास कंबर बोलू लागते.

पाचपैकी तीन गुण. शॉकअप, हँडल आणि बसण्याची ढब आधी तपासलेली असेल आणि दोन्ही टाचा जमिनीवर आरामात टेकत असतील, तर घेण्यासारखी वस्तू आहे. उंची बेताची असेल तर दुकानात मागून अर्धा तास गाडीवर बांधून, चढउतारावर थांबून पाहावे आणि मगच ठरवावे. व्हॉल्व्हला साबणाचे पाणी मात्र पहिल्याच दिवशी लावावे.