स्टॅटिनचा मोठा डोस की मध्यम डोसला इझेटिमाइबची जोड?

टाइप टू मधुमेह असलेल्या मध्यमवयीन माणसाने स्टॅटिन, म्हणजे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे औषध, घ्यावे की नाही, हा वाद आता जवळजवळ संपला आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या कार्ड्स चाचणीत, आधी हृदयविकार झालेला नसलेल्या मधुमेहींना रोज केवळ 10 मिलिग्रॅम अटोर्व्हास्टॅटिन दिले असता हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी घटल्या, आणि फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. पेच पडतो तो त्यानंतर. मध्यम डोसवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरते खरे, पण 70 च्या खाली, किंवा हृदयविकार होऊन गेला असल्यास 55 च्या खाली, जायला तयार नसते. अशा वेळी त्याच गोळीचा डोस वाढवायचा की डोस आहे तेवढाच ठेवून सोबत इझेटिमाइब सुरू करायचे, हे ठरवावे लागते. मी स्वतः मधुमेही असून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे दोन्ही मार्ग अनुभवले आहेत.

मोठ्या डोसची बाजू कमकुवत नाही. औषध तेच राहते, गोळ्यांची संख्या वाढत नाही, आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला पूर्ण ताकदीचे स्टॅटिन देण्यामागे भक्कम पुरावा आहे. तिथे माझ्यासारख्याच्या आवडीनिवडीला फारसे स्थान नसावे. अडचण आहे ती गणिताची. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल साधारणपणे आणखी 6 टक्केच कमी होते. उलट 10 मिलिग्रॅम इझेटिमाइबने ते सुमारे 20 टक्क्यांनी उतरते, कारण हे औषध यकृतातील निर्मितीच्या वाटेला न जाता आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण अडवते. दोघांची कामाची जागाच वेगळी असल्याने एकाचा परिणाम दुसऱ्यात वाया जात नाही.

रक्तातील साखरेचा मुद्दा अनेकांना छळतो. मोठ्या डोसच्या स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, हे मान्य आहे. माझ्या एचबीएवनसीमध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) मात्र दखल घ्यावी असा फरक पडला नाही, आणि हृदयाला होणाऱ्या फायद्यापुढे ही वाढ सहसा क्षुल्लक मानली जाते. माझा निर्णय साखरेवर ठरला नाही.

तो ठरला पोटऱ्यांवर. डोस वाढल्यावर संध्याकाळी चालताना पोटऱ्या आणि मांड्या जड होऊ लागल्या, जिना चढताना ओढ बसू लागली. दुखणे असह्य होते असे मी म्हणणार नाही. ज्याला मधुमेह नाही असा माणूस कदाचित ते अंगावर काढून मोकळा झाला असता. मधुमेह्याच्या पायात मात्र कोणतेही दुखणे एकटे येत नाही, त्याच्यामागे तीन संशयित उभे असतात. ते मज्जातंतूंच्या विकाराचे असू शकते, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे असू शकते, किंवा गोळीचे असू शकते. थांबल्यावर बरे वाटते का, रात्री मुंग्या येतात का, दोन्ही पाय सारखेच दुखतात का, याचा हिशेब मी चालताना मनात करत राहायचो. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे सीपीके तपासले, ते ठीक निघाले, आणि त्यामुळे शंका मिटण्याऐवजी अधिकच चिवट झाली. या धास्तीने फेरफटका आखूड होत गेला. जे औषध हृदयासाठी घ्यायचे, त्याच्यापायी साखर आटोक्यात ठेवणारे चालणेच घटावे, हे मला पटेना.

डॉक्टरांनी डोस पुन्हा मध्यम केला, जोडीला इझेटिमाइब दिले, आणि काही आठवड्यांत पाय हलके झाले. हा सारा मनाचा खेळ असण्याची शक्यता मी नाकारत नाही. 2020 सालच्या सॅमसन चाचणीत स्टॅटिनमुळे जाणवणारा बहुतांश त्रास औषध नसलेल्या गोळीनेही जाणवला होता. तरीही पाय हलके झाले आणि एलडीएलही हव्या त्या रेषेखाली गेले, एवढे माझ्यापुरते पुरेसे ठरले. शिवाय हा केवळ माझाच अनुभव नसावा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातील रेसिंग चाचणीत, रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या 3780 रुग्णांपैकी काहींना 20 मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन, तर इतरांना 10 मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब दिले होते. तीन वर्षांनी जोडगोळीचा गट हृदयाच्या बाबतीत मागे पडला नव्हता, आणि त्रासामुळे औषध सोडण्याचे किंवा डोस घटवण्याचे प्रमाण मोठ्या डोसच्या गटात 8.2 टक्के, तर जोडगोळीच्या गटात 4.8 टक्के होते. त्याआधीच्या, 2015 सालच्या इम्प्रूव्ह-इट चाचणीत इझेटिमाइबच्या जोडीचा फायदा मधुमेहींमध्ये अधिक ठळक दिसला होता. दोन गोळ्यांचा कंटाळा असेल, तर दोन्ही औषधे एकाच गोळीतही मिळतात.

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील आणखी एक प्रकारची चरबी, वाढलेले दिसले की ते उतरवणाऱ्या फेनोफायब्रेट या औषधाचा विषय निघतोच. 2010 सालच्या अकॉर्ड चाचणीत मधुमेहींना स्टॅटिनसोबत ते देऊनही हृदयविकाराच्या घटना एकूणात लक्षणीय घटल्या नाहीत, त्यामुळे एलडीएलच्या प्रश्नावर मी त्याला पर्याय मानत नाही. ट्रायग्लिसराइड 500 च्या पुढे जाऊन स्वादुपिंडाला धोका असेल, तर गोष्ट वेगळी. मध्यम डोसही ज्यांना खरोखरच सोसत नाही, त्यांच्यासाठी बेम्पेडोइक ॲसिड हे एलडीएल उतरवणारे दुसरे औषध आहे. ते स्नायूंमध्ये सक्रिय होत नाही, मात्र युरिक ॲसिड वाढवते, म्हणून गाउट (युरिक ॲसिड साचून होणारी सांधेदुखी) असलेल्यांनी ते सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसे सांगितलेले बरे.