उनपदेवचं गरम पाणी: अंघोळीला जाताना

अडावदजवळ (ता. चोपडा) सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या झऱ्याचं पाणी गोमुखातून कुंडात पडतं. भेगांतून खोल मुरलेलं पावसाचं पाणी तिथल्या उष्णतेने तापून वर येतं, म्हणून थंडीतही ते गरमच. थकल्या अंगाला इतकं सुख खानदेशात क्वचितच मिळतं.

धारेखाली एकदम उभं राहू नका. आधी मनगटावर पाणी घेऊन पाहा. मधुमेहाने पाय बधिर असतील तर भाजलेलं कळत नाही. दहा मिनिटं पुरेत. जास्त बसून झटकन उठलं की रक्तदाब उतरून चक्कर येते. खरूज, उघडी जखम असेल तर सामाईक कुंडात उतरूच नये, बादलीने बाजूला अंघोळ करावी. त्वचारोग बरा होतो ही श्रद्धा आहे. औषध थांबवू नका. साबण तर नकोच.

पाण्याने दुखणं जातं ही श्रद्धा आयर्लंडमधल्या पवित्र विहिरींबद्दलही आहे, फक्त तिथलं पाणी बहुधा थंड. तिथे सूर्य फिरतो त्या दिशेने विहिरीला फेऱ्या घालून पाण्यात भिजवलेली चिंधी झाडाला बांधतात. ती कुजत जाते तसं दुखणं ओसरतं, असं मानतात. म्हणून चिंधी सुती हवी. नायलॉन कुजत नाही, उलट फांदीला फास बसतो. आपल्याकडच्या नवसाच्या झाडांनाही हे लागू आहे.