गोरेगावच्या फ्लॅटमध्ये बॉर्डर कॉली : १४ महिन्यांनंतर

आमची सावी पाहून सोसायटीतल्या तीन घरांनी मला विचारलं, "अशीच कुत्री घ्यायची आहे, कुठे मिळेल?" मी आधी विचारते, तुमच्याकडे पहाटे पाचला कोण उठतं?

सावी आमच्याकडे आली तेव्हा १० महिन्यांची होती. ठाण्यातल्या एका कुटुंबाने हौसेने आणली होती, पण झेपेना म्हणून द्यायला काढली. आमचं घर गोरेगाव पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, ५८० चौरस फूट. नवरा, मी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. रोज तासभर फिरवलं की झालं, अशी आमची समजूत होती.

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात मेंढ्या वळायला बॉर्डर कॉली ही जात घडली. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प हा या जातीचा मूळपुरुष मानतात. तो भुंकत नसे, अंगावर जात नसे. नुसती नजर रोखून मेंढ्या हलवायचा. आपल्याकडे धनगराच्या कळपाबरोबर कुत्रा असतो, पण तो मुख्यतः लांडग्यापासून राखण करायला. राखणीचा कुत्रा तासन्‌तास पडून राहतो. वळणाऱ्या कुत्र्याला काही हलताना दिसलं की तो कामाला लागतो, आणि मुंबईत सगळंच हलत असतं. रिक्षा, लिफ्टचं दार, मावशींचा झाडू, डोक्यावरचा पंखा.

तिसऱ्या आठवड्यात खाली पकडापकडी खेळणाऱ्या मुलांभोवती गोल फिरून सावीने सगळ्यांना जिन्याच्या कोपऱ्यात गोळा केलं. मुलं खिदळत होती, मलाही कौतुक वाटलं. तिथेच मी तिला थांबवायला हवं होतं. दोन दिवसांनी पळणाऱ्या एका मुलीच्या पोटरीला तिचे दात लागले. रक्त आलं नाही, पण वळ उठला. अडून राहिलेल्या मेंढीला हा कुत्रा असाच टाचेपाशी चिमटा काढतो. मी त्या मुलीला लगेच डॉक्टरकडे नेलं. तिची आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. तेव्हापासून आवारात सावीचा पट्टा कधीच सुटत नाही.

मग आम्ही तिला दमवायचं ठरवलं. रोज पाऊण तास चेंडू फेकायचो. दोन महिन्यांत ती दमायची तर सोडाच, तिचा दम आणखी वाढला, आणि रात्री ती पंख्याच्या भिंतीवर फिरणाऱ्या सावलीमागे धावू लागली. हाक मारली तरी वळून बघेना. ते पाहताना मला खरंच रडू यायचं. सावलीचा, उजेडाच्या ठिपक्याचा असा नाद या जातीला लवकर लागतो. घरात मुलं असतील तर लेझरचा दिवा या कुत्र्यासमोर कधीही, गमतीतही लावू देऊ नका.

प्रशिक्षकाने सर्वात आधी चेंडू बंद करायला लावला. त्याऐवजी जुन्या टॉवेलच्या घड्यांत फुटाणे लपवायचे आणि तिने नाकाने शोधून काढायचे. खेळण्यांना नावं द्यायची आणि नावाने मागवायची. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला १,०२२ वस्तूंची नावं येत होती. सावीला २९ येतात, आणि त्यातली बहुतेक माझ्या मुलाने शिकवली आहेत. तो "निळी गाय" म्हणाला की ती पलंगाखालून नेमकी निळी गाय ओढून आणते. अशा वीस मिनिटांनी ती जेवढी निवते, तेवढी तासभर पळूनही निवत नव्हती. सगळ्यात अवघड गेली ती चटई. चटईवर जाऊन काहीही न करता पडून राहायला शिकायला तिला तीन महिने लागले. आता मी भाजी चिरताना ती तिथे झोपते.

आता मुंबईची हवा. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. हवाच दमट असेल तर ते जमत नाही. शिवाय हिच्या अंगावर दुहेरी केस. उन्हाळ्यात ते भादरायचे नाहीत, उन्हापासून आडोसा त्यांचाच असतो, रोज विंचरायचे. एप्रिल-मेमध्ये फिरणं पहाटे सव्वापाचला आणि रात्री साडेनऊनंतर. जवळच्या आरेच्या जंगलाच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधारात आम्ही तिकडे जातच नाही, वस्तीतले रस्ते धरतो. दुपारभर एसी लागतो. मे महिन्यात आमचं बिल दोन हजारांनी वाढलं.

पावसाळा मला उन्हाळ्यापेक्षा जड गेला. खालचे केस वाळत नाहीत आणि ओलसर राहिले की कातडी लाल होऊन चिघळते. प्रत्येक फेरीनंतर दोन पंचे आणि पंख्यासमोर अर्धा तास. गोचिड्या रोज बोटांनी चाचपून काढायच्या. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, म्हणून त्याची लस दरवर्षी न चुकता. विसर्जनाच्या ढोलांनी आणि दिवाळीच्या फटाक्यांनी ती थरथरते. त्या रात्री कोणीतरी तिच्याजवळ बसून राहतं, बहुधा सासूबाईच. खाणं, औषधं, डॉक्टर आणि प्रशिक्षक मिळून महिन्याला नऊ-दहा हजार जातात.

दिवसभर घर बंद राहणार असेल तर ही जात घेऊ नका. घरात रांगणारं मूल असेल तर अजून थांबा. घर लहान असणं ही मोठी अडचण नाही, सावी ५८० फुटांत सुखाने राहते. घरातल्या एका मोठ्या माणसाचे रोजचे अडीच तास तिच्यासाठी राखलेले असतात म्हणून. आमच्याकडे तो माणूस मी आहे, आणि सावीला मी कुणालाही देणार नाही.

तिसऱ्या घरातल्या ताईंना मी सांगितलं, जुलैचे १५ दिवस पहाटे माझ्याबरोबर या, पट्टा तुमच्या हातात. त्या नऊ दिवस आल्या. दहाव्या दिवशी म्हणाल्या, "मला कुत्रा हवाय गं, पण हे माझ्याने नाही होणार." ऑगस्टमध्ये त्यांनी रस्त्यावरचं एक तांबूस पिल्लू घरी आणलं. सकाळी दोनदा खाली जाऊन येतं आणि दुपारभर त्यांच्या पायाशी झोपतं.