घर मुलांना कसं द्यायचं? नॉमिनी, बक्षीसपत्र की मृत्युपत्र

मामा गेले तेव्हा कोथरूडच्या फ्लॅटला नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव होतं. सोसायटीच्या फाइलीत फॉर्म नीट लावलेला, खाली मामांची ठसठशीत सही. घर आपलंच झालं, असं तो धरून चालला. पुढे पुनर्विकासाचा करार आला आणि बिल्डरच्या वकिलाने मामी, धाकटा, नाशिकची बहीण, सगळ्यांच्या सह्या मागितल्या. ही भावंडं आता गणपतीलाही एकमेकांकडे जात नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मामांच्या हयातीत दोन पानं लिहिली असती तर हे टळलं असतं.

नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नव्हे. सुप्रीम कोर्टाने विम्याबाबत 1984 मध्ये आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये हेच सांगितलं. आपल्या सहकार कायद्यातही वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासदच. तरीही नॉमिनेशन कराच, घरच्यांना बँकेतले पैसे लवकर मिळतात. नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

बक्षीसपत्र म्हणजे हयातीतच घर दुसऱ्याच्या नावे करून देणं. त्याचा मोह होतो तो खर्चामुळे. राहतं घर नवरा-बायको, मुलं किंवा नातवंडांना दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. अधिभार वेगळा, तो दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. नोंदणी मात्र सक्तीची. आणि एकदा दिलं की दिलं. उद्या मुलाशी बिनसलं तरी मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते, पण त्यासाठी 'आमचा सांभाळ करावा' ही अट दस्तात स्पष्ट लिहिलेली बरी. सत्तरीत न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढणं सोपं नसतं.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. ते तुमच्याहून तरुण असावेत, ज्यांना काही मिळणार आहे ते नसावेत. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी मी करायलाच सांगेन, सोबत मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडा. हवं तेव्हा बदलता येतं, हयातभर घर तुमचंच राहतं. पुण्यातल्या घराच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाची, सक्तीही नाही. उणी बाजू अशी की तुमच्या पश्चात कुणी आव्हान दिलं तर उत्तर द्यायला तुम्ही नसता. वडिलोपार्जित घर असेल तर फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं.

तेव्हा राहतं घर एकच असेल तर माझ्या मते मृत्युपत्र, दुसरा विचार नको. दुसरा फ्लॅट असेल आणि तो लेकीला आजच द्यायचा असेल, तर बक्षीसपत्र.

मामींनी आता स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र केलंय. मूळ प्रत गोदरेजच्या कपाटात, लाइटबिलांच्या फाइलीमागे. कुठे आहे ते तिघांनाही बोलावून दाखवलं.