ओटीपी मी दिला हे खरं, पण १२:४१ नंतरचे पैसे बँकेनं भरायचे होते

लातूरला ट्युशन एरियात माझं झेरॉक्स अन् स्टेशनरीचं दुकान आहे. मागच्या जूनमध्ये माझ्या क्रेडिट कार्डवरून ५९,८५० रुपये गेले. बँकेचं नाव लिहीत नाही कारण हे कोणत्याही बँकेत होऊ शकतं, पण बाकी जे घडलं ते सगळं लिहितोय, नीट वाचा.

अ‍ॅडमिशनचे दिवस, दुकानात पोरांची अन् त्यांच्या आईबापाची ही गर्दी, आणि १२:१४ ला फोन आला. हिंदीत बोलत होता, माझं पूर्ण नाव अन् कार्डचे शेवटचे चार आकडे त्यानं स्वतःच सांगितले. म्हणला तुमच्या कार्डवर इन्शुरन्स चालू झालाय, वर्षाचे ५,९०० आज कटतील, नको असेल तर लगेच कॅन्सल करून देतो. कार्ड घेताना एजंटनं असलंच काहीतरी गळ्यात मारलं असेल असं मला वाटलं. एका हातानं झेरॉक्स काढत दुसऱ्या हातानं कार्ड धरून मी नंबर सांगितला, तारीख सांगितली, मागचे तीन आकडे सांगितले. मग ओटीपी आला. त्या मेसेजात स्वच्छ लिहिलेलं होतं की हा ओटीपी ३८,२०० च्या पेमेंटसाठी आहे. मी फक्त सहा आकडे वाचले अन् सांगून मोकळा झालो. बायको काउंटरवर होती, ती म्हणली, "कोणाशी बोलायलाव एवढं?" तेवढ्यात १२:२६ ला पैसे कटल्याचा मेसेज आला आणि पलीकडून फोन बंद.

पुढच्या पंधरा मिनिटांत मी एकच काम बरं केलं. कार्डच्या मागचा कस्टमर केअरचा नंबर लावला, त्यांच्या एक दाबा दोन दाबा मध्ये बराच वेळ गेला पण माणूस लागला, तक्रार घेतली, कार्ड ब्लॉक करा म्हणून मी दोनदा सांगितलं, आणि १२:४१ ला तक्रार नंबरचा मेसेज आला. तो नंबर अन् वेळ मी तिथंच उधारीच्या वहीत लिहून ठेवली. आणि तरी १:०८ ला आणखी २१,६५० गेले! बाहेरच्या देशातली वेबसाइट, ओटीपी आलाच नाही. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नव्या कार्डवर ऑनलाइन आणि इंटरनॅशनल वापर बंद असतो, आपण चालू करायचा असतो, पण कार्ड आलं त्या दिवशी एजंटनं माझाच मोबाइल हातात घेऊन "सर सगळं चालू करून देतो" म्हणत सगळे स्विच चालू केले होते. आत्ता अ‍ॅप उघडा अन् तुमचे बघा.

१९३० या सायबर हेल्पलाइनला मी दुसऱ्या दिवशी फोन केला, तिथं चुकलो. तोवर पैसे पुढे गेले होते. बँकेला फोन झाला की लगेच १९३० लावायचा, पहिल्या तासात लावला तर पैसे मधेच अडकवता येण्याची आशा असते.

आठवड्यानं बँकेचं उत्तर आलं, दोन ओळींचं. ग्राहकानं ओटीपी शेअर केला, रक्कम ग्राहकाला भरावी लागेल. शाखेत गेलो तर साहेब म्हणले आमच्या हातात काही नाही. मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. माझा भाचा नांदेडला सीएच्या ऑफिसात असतो, त्यानं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक पाठवलं अन् म्हणला, मामा, तुमचं निम्मं भांडण बाकी आहे.

त्यात काय आहे ते माझ्या भाषेत सांगतो. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला एक रुपयाही भरायचा नाही. चूक बँकेचीही नाही अन् तुमचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणाहून कार्डची माहिती फुटली, आणि मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तरी शून्य. चार ते सात दिवस लावले तर पाच लाखांपर्यंत लिमिटच्या कार्डला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० तुमच्यावर येतात, त्याच्या पुढं उशीर केला तर मग बँकेच्या धोरणावर. आणि माझ्यासारखी चूक, म्हणजे ओटीपी दिला, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं! तक्रार आली की पुढचे व्यवहार थांबवायची जबाबदारी बँकेची, तक्रारीची वेळ नोंदवायचीही तिचीच, आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्धही तिनंच करायचं. हे मला ना एजंटनं सांगितलं ना शाखेतल्या साहेबांनी. म्हणून म्हणतो, पैसे कटल्यावर लाजेनं गप्प बसू नका, संध्याकाळी घरी जाऊन बघू म्हणू नका, मिनिटामिनिटाचा हिशोब आहे.

मग मी बँकेला लेखी मेल केला. ३८,२०० माझे मान्य, पण १२:४१ ची तक्रार अन् १:०८ चा व्यवहार, हे २१,६५० मी भरणार नाही. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट. पुन्हा तेच उत्तर आलं. मधल्या काळात बिल आलं, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, एकदा तर रात्री साडेआठला आला. सकाळी आठच्या आधी अन् संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा नियम आहे, हे मी त्याला सांगितल्यावर त्यानंच फोन ठेवला. भीतीपोटी मी एक महिना नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम, भरला, ते मात्र करू नका. माझ्या कार्डला महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर जीएसटी, अन् पूर्ण बिल भरलं नाही की पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. वह्यांचा माल मी त्याच कार्डवर उचलला होता, त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागलं.

शेवटी ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. आधी बँकेकडे लेखी तक्रार पाहिजे, ती फेटाळली किंवा तीस दिवस उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर, म्हणजे तिच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, टाकता येते. फी नाही, वकील नाही. अडलं तर १४४४८ ला फोन लावा, मराठीत बोलतात. मी काही मोठं लिहिलं नाही, नुसत्या वेळा लिहिल्या, १२:२६, १२:४१, १:०८, अन् खाली उधारीच्या वहीच्या त्या पानाचा फोटो. काही आठवड्यांनी बँकेचाच फोन आला, या वेळी आवाज एकदम नरम. २१,६५० आणि त्याच्यावरचं व्याज परत जमा झालं.

३८,२०० गेले ते गेलेच, ते मी हप्त्यानं फेडतोय. कार्ड बंद करायचा अर्ज दिला, तिथंही नवीन ऑफर देत बसले. थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेनं ग्राहकाला द्यायचा. माझी थकबाकी फिटली की पहिलं काम तेच.

बँकेला अन् ओम्बड्समनला पाठवलेला अर्ज माझ्याकडं आहे, नाव नंबर झाकून त्याच्या झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवल्यात. ट्युशन एरियात आलात तर घेऊन जा, पैसे नको.