आकडेच दिसत नाहीत: गूगल पोस्टमास्टर टूल्स आणि मायक्रोसॉफ्टचं एसएनडीएस

ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना आपली मेल जीमेल आणि आउटलुक डॉट कॉमकडे किती स्पॅम ठरतात ते दाखवणारी ही दोन साधनं. दोन्ही फुकट, दोन्ही अधूनमधून कोरी. पण कोरेपणाची कारणं वेगळी.

पोस्टमास्टर डोमेनवर (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर) चालतं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, मालकी दाखवणारी टीएक्सटी नोंद टाकली, पडताळणीही झाली, तरी आलेख रिकामा? आधी जीमेलच्या वैयक्तिक पत्त्यांवर रोज किती मेल जातात ते बघा. संख्या फार कमी असेल तर गूगल त्या दिवसाचं काही दाखवतच नाही. कालचे आकडे आज नसले तर घाबरू नका, एक-दोन दिवसांचा उशीर नेहमीचाच. खरी गोम बहुतेकदा डीकेआयएमच्या सहीत असते; मेल कोणत्या डोमेनची ते सांगणारी ही डिजिटल सही. मी एकदा आठवडाभर रिकामा आलेख बघत बसलो होतो. शेवटी स्वतःलाच आलेल्या मेलचं मूळ हेडर (वरची तांत्रिक माहिती) उघडलं, तर सहीत ‘डी=’ पुढे, म्हणजे सही करणाऱ्या डोमेनच्या जागी, आमचं डोमेनच नाही, मेल पाठवणाऱ्या सेवेचं! आकडे तिच्या खात्यात जमा होत होते.

एसएनडीएस आयपीवर (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर) चालतं, आणि निदान उंबरठा तरी उघड सांगतं: त्या आयपीवरून दिवसाला किमान 100 मेल. त्याखाली ओळच उमटत नाही. स्पॅमचं प्रमाण सांगणारे रंग मात्र ढोबळ. हिरवा म्हणजे स्पॅम 10 टक्क्यांखाली, लाल 90 च्या वर, मधला सगळा पिवळा. एवढ्या रुंद पिवळ्यातून काय बोध घ्यायचा? शिवाय आयपी शेअर्ड (अनेकांनी मिळून वापरलेला) असेल तर आकडे बघायची परवानगी त्याच्या मालकालाच मिळते, तुम्ही खटपट करू नका.

छोट्या मेल-यादीला मी पोस्टमास्टरच लावीन. एसएनडीएस स्वतःचा आयपी घेतल्यावर.