पोर्टेड सबवूफर बॉक्स: चार महिने दुकानातला, नऊ महिने स्वतःचा

पहिले चार महिने मी वूफरला शिव्या घातल्या, मग ॲम्पला (ॲम्प्लिफायरला). दोष निघाला खोक्याचा.

दिवाळीत हॅचबॅकसाठी 12 इंची सब (खालचे सूर वाजवणारा मोठा वूफर) घेतला: 300 वॅट आरएमएस (सतत पेलणारी ताकद), 4 ओहम. दुकानदाराने तयार पोर्टेड बॉक्सही, म्हणजे हवेसाठी नळी (पोर्ट) असलेला खोका, गळ्यात मारला. दिसायला झकास, वर कार्पेट, पुढे चकचकीत प्लास्टिकचा पोर्ट. पहिल्या आठवड्यात मीही खूश होतो. मग लक्षात यायला लागलं की तबल्याचा डग्गा असो, बेस गिटार असो की ढोल, सगळ्यांचा आवाज एकच: ढब्ब. डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घुमारा वरून खाली सरकत येतो, ती सरक कुठेच नाही. कोल्हापूरचा चुलतभाऊ गाडीत बसला आणि म्हणाला, "दादा, डॉल्बीच्या टेम्पोत बसल्यागत वाटतंय की!" तो कौतुकाने म्हणाला होता. मला लागलं.

मार्चमध्ये एका रविवारी वूफर काढून टेप घेऊन बसलो. आतली जागा, वूफरचं धड वजा करून, जेमतेम 32 लिटर. पोर्टचा आतला व्यास साडेसात सेंटिमीटर, लांबी 15. विनआयएसडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हे आकडे टाकले तर ट्यूनिंग, म्हणजे खोका आणि नळी ज्या सुरावर घुमतात तो आकडा, आलं 45 हर्ट्झ. म्हणजे 45 ते 50 च्या आसपास आवाजाचा डोंगर आणि त्याखाली दरी. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झवर असते. ती थेट दरीतच. शिवाय एवढ्याशा भोकातून 12 इंची वूफरची हवा जाणार कशी? आवाज वाढवला की फस्स फस्स ऐकू यायचं. मी ते वूफर फाटल्याचं लक्षण समजत होतो.

पोर्टेड बॉक्सचं तत्त्व रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारण्याचंच आहे. नळीतली हवा म्हणजे वजन, खोक्यातली हवा म्हणजे स्प्रिंग. नळी लांब केली किंवा खोका मोठा केला की सूर खाली उतरतो. नळी रुंद केली की सूर चढतो, म्हणून रुंद नळीला लांबीही जास्त लागते. दुकानातले बॉक्स छोटे आणि आखूड पोर्टचे का असतात ते इथे कळतं: लांब नळी मावायला जागा लागते आणि डिकीत जागा कोण देतो!

मग स्वतःच बॉक्स करायचा ठरवला आणि त्यासाठी 45 लिटर धरले. वूफर, नळी आणि आतल्या आडव्या पट्ट्या जी जागा खातात ती वेगळी, त्यामुळे आतलं एकूण माप 53 लिटरच्या पुढे गेलं. 18 मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मिस्त्रींकडून मशीनवर कापून घेतला. हाताने कापलेल्या फळ्यांच्या फटी बुजवत बसण्यात अर्थ नाही. पोर्टसाठी सरळ 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, प्लंबिंगवाल्याचा, आतून साधारण 10.4 सेंटिमीटर. दोन्ही तोंडांच्या कडा कानस आणि पॉलिश पेपरने गोल केल्या. फसफस गेली ती रुंद नळीने आणि या गोलाईने. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत.

ट्यूनिंगसाठी एकच सल्ला: नळी मुद्दाम लांब ठेवा. कापता येते, वाढवता येत नाही. मी 45 सेंटिमीटरपासून सुरुवात केली. फोनवरून शुद्ध सूर वाजवत 50 पासून एकेक हर्ट्झ खाली यायचं आणि वूफरच्या कोनवर (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्यावर) खडूचा ठिपका काढून तो बघायचा. ट्यूनिंगच्या सुरावर कोन जवळजवळ थिजतो आणि नळीच्या तोंडाशी हाताला जोरात वारा लागतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बायकोला हाक मारून बोलावलं. ती बघून "बरं" म्हणाली आणि गेली. कोन 33 हर्ट्झला थिजला. थोडी थोडी कापत 38 सेंटिमीटरवर थांबलो, तेव्हा आकडा 35 आला. गणितही तेच सांगत होतं.

मिस्त्रींच्या अंगणात, डिकी उघडी ठेवून ऐकलं तेव्हा मात्र तोंड पडलं. बेस पातळ! काचा वर केल्या, दारं लावली आणि तोच बॉक्स भरून आला. छोट्या बंद केबिनमध्ये खालचे सूर आपोआप उचलले जातात. बॉक्सचा निकाल बंद गाडीतच लावा.

ट्यूनिंगच्या खाली पोर्टेड बॉक्स वूफरला सांभाळत नाही. नळी नुसतं भोक होऊन जाते, कोन मोकाट सुटतो आणि कॉइल आपटते. म्हणून ॲम्पवरचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) मी 28 हर्ट्झवर लावलाय. ज्या ॲम्पला हा फिल्टर नाही, त्याला पोर्टेड बॉक्स जोडूच नका, सीलबंद (नळी नसलेला) घ्या. गेन (ॲम्प आवाज किती वाढवेल ते ठरवणारी खुंटी) कानाने नाही, मीटरने लावला: सब काढून ठेवून 50 हर्ट्झचा सूर, हेड युनिट (गाडीचा म्युझिक प्लेअर) तीन चतुर्थांश आवाजावर, ॲम्पच्या टोकांना 34.6 व्होल्ट. 300 वॅट आणि 4 ओहमला एवढेच होतात. साधं मीटर 50 हर्ट्झला बरोबर दाखवतं, घरातली वीज त्याच हर्ट्झची ना! बेस बूस्ट शून्य, क्रॉसओव्हर (सबकडे कुठवरचे सूर जातील ती सीमा) 80.

नऊ महिन्यांत काय त्रास झाला? जुलैत डिकीत ओल्या छत्र्या टाकल्या आणि एमडीएफची खालची कड फुगली, दोनेक मिलिमीटर. घासून सीलर मारला, खाली रबरी पाय लावले. पुन्हा केला तर बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लायच घेईन, महाग पडला तरी. एकदा सामान बसवताना बॉक्स बाजूला सरकवला तर पोर्टचं तोंड डिकीच्या भिंतीला जवळपास टेकलं, आणि आवाज एकदम मठ्ठ झाला. आता तिथे वीतभर जागा सोडतो. नंबर प्लेट खडखडायची, तिच्यामागे फोमची टेप लावली. मागच्या दाराला ब्युटिल शीट (थरथर दाबणारी चिकट रबरी शीट) लावूनही 40 च्या आसपास कुठेतरी काहीतरी टकटकतं. अजून सापडलेलं नाही.

आवाजाबद्दल तक्रार नाही. डग्ग्याचा घुमारा आता सरकताना ऐकू येतो. तरी फक्त भजनं आणि जुनी गाणी ऐकणाऱ्याने एवढा खटाटोप करू नये, त्याला लहान सीलबंद बॉक्स पुरे.

राहिली डिकी. गणपतीला गावी जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. स्टेपनी बॉक्सच्या खाली, बॉक्सवर चार बॅगा आणि मोदकांचं भांडं, वायरी स्क्रूने घट्ट आवळलेल्या. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त जिव्हारी लागलं. परत आल्यावर पहिलं काम केलं ते ओढून निघणारा प्लग बसवण्याचं. आता बॉक्स अर्ध्या मिनिटात बाहेर येतो.